मूठभर कणीक

"आजपासून गहू बंद. कायमचा," डॉक्टर म्हणाले, आणि मला सगळ्यात आधी शेतातल्या पंगतीतले गव्हाचे रोडगे आठवले.

वर्षभर पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, हिमोग्लोबिन वाढत नव्हतं. शाळेत शिकवताना मी खुर्ची धरून उभी राहायची. शेवटी यवतमाळला एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतडं पाहिलं. निदान निघालं सीलिॲक डिसीज. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की आपलंच शरीर आपल्या आतड्याला इजा करतं. यावर गोळी नाही, पथ्य हेच औषध.

राळेगावला घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मंग काय झालं? ज्वारी हाये, तांदूळ हाये. तू काहून रडून राह्यली?" त्या दिवसापासून माझी भाकर त्याच थापू लागल्या. बाकीच्यांच्या पोळ्या वेगळ्या व्हायच्या. तव्यावर पोळी फुगली की वास घरभर पसरायचा, आणि मी अंगणात जाऊन बसायची.

काही महिने गेले, तरी अंगात ताकद येईना. टीटीजी नावाची रक्ततपासणी असते. गहू सुटला की तिचा आकडा उतरतो. माझा उतरला नव्हता.

"गहू कुठून तरी पोटात जातोय. स्वयंपाक कोण करतं? त्यांना घेऊन या," डॉक्टर म्हणाले.

सासूबाई एसटीनं माझ्यासोबत आल्या. भाकर कशी करता, असं विचारल्यावर त्यांनी हातांनीच करून दाखवली. "ज्वारीचं पीठ, गरम पाणी, मीठ अन् मूठभर कणीक. नाहीतर मोडते ना भाकर. हिच्या अंगात जोर नाही, मऊ नको का द्याले?"

गहू बंद म्हणजे पोळी बंद, असं त्या समजल्या होत्या. चिमूटभर कणीकही चालत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावलं. घरी येताच त्यांनी कणकेचा डबा वेगळ्या राहणाऱ्या माझ्या जावेकडे पाठवून दिला.

"अन् माह्या डब्यात काय, आई?" यजमानांनी विचारलं.

"भाकर. तुले काय दात नाहीत?"

तेव्हापासून आमच्या घरी सगळ्यांचं ताट एकच. पुढच्या तपासणीत आकडा उतरला. तुमच्यापैकी कुणाला हे निदान झालं, तर घरात पीठ मळणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मी घरातली पहिली पदवीधर, पण हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नसतं.

यंदा तूर निघाल्यावर शेतातल्या मारुतीपुढे रोडगे झाले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले गव्हाचे गोळे, फोडले की वाफ निघते, त्यात तूप. पंगतीतून वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ती ओढ अजून आहे. बहुतेक राहीलच.

सासूबाईंनी दूर वेगळा विस्तव करून ज्वारीचे रोडगे भाजले होते. ते सगळे फुटले. त्या पंगत सोडून माझ्याजवळ येऊन बसल्या, एक तुकडा झटकून माझ्या वरणात टाकला, एक स्वतःच्या.

"राख लागली हाये थोडी," त्या म्हणाल्या. "कणीक नाही."