तिसापुढचा आकडा

माझ्या बी.ए.च्या पदवीचे श्रेय कुणाचे, असे विचारले तर मी वडिलांच्याही आधी सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या शेजारच्या अण्णांचे नाव घेईन.

अण्णा हातमागावर लुगडी विणत. घरी एकटेच. ताणा मांडताना धाग्यांचे सारखे वाटे पाडून पाहायची त्यांना खोड होती. वाटे जुळले नाहीत की उरलेला धागा दोन बोटांत धरून हसत. "उरला की एक. हट्टी हाय." कुठल्याच पाढ्यात न बसणाऱ्या आकड्याला ते हट्टी म्हणत. अविभाज्य संख्या हा शब्द मी पुढे शाळेत ऐकला.

सातवीनंतर वडील मला गिरणीत लावणार होते. अण्णा आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"दादा, माझे पाढे तिसापर्यंत. फुडं काय हाय, कुणी सांगितलं न्हाय. ह्याला तरी जाऊ द्या की फुडं."

सलग तीन दिवस आले. चौथ्या दिवशी वडील म्हणाले, "बरं, तुमीच घाला याचं नाव इंग्रजी शाळंत."

अण्णांनी स्वतः एक नियम शोधला होता. दोनापासूनचे हट्टी आकडे ओळीने गुणायचे, त्यात एक मिळवायचा. येतो तोही हट्टीच. सात, एकतीस, दोनशे अकरा, दोन हजार तीनशे अकरा, सगळे खरे निघाले होते. तेरापर्यंत गुणल्यावर आला तीस हजार एकतीस. तो त्यांच्या कुठल्याच पाढ्यात बसेना, पण पाढे तिसापर्यंतच, म्हणून खात्री होईना.

मी पुण्याच्या कॉलेजातून दिवाळीला घरी आलो तर पाटी तयार. त्यांचे डोळे तोवर गेल्यासारखेच होते, माग बंद पडला होता.

"बीए, बघ रे. हट्टी हाय का?"

मी त्रेपन्नापर्यंत भागून पाहिले. वर्गमूळापर्यंत, म्हणजे एकशे त्र्याहत्तरपर्यंत जायला हवे, हे मला माहीत होते. पण ते पाटीवर कान देऊन बसले होते. मी म्हणालो, "हट्टी आहे, अण्णा."

काठी टेकत ते शुक्रवार पेठेपर्यंत सांगून आले. "कॉलेजानं तपासलंय." नळावरच्या बाया विचारीत, "अण्णा, तुमचा आकडा जेवला का?"

"त्यो कुणाचं ऐकतोय व्हय?"

पुण्यास परतल्यावर मी राहिलेला भागाकार करायला घेतला. त्रेपन्नानंतरचा पहिलाच हट्टी आकडा एकोणसाठ, आणि त्यानेच भाग गेला. मी आणखी एकदा भागायला हवे होते, एवढेच.

पत्र लिहावे तर ते दुसऱ्याकडून वाचून घेणार. म्हणजे चारचौघांत त्यांचा नियम मोडणार. संक्रांत गेली, शिमगा गेला. अखेर परीक्षेच्या तोंडावर लिहिले. पाकीट न फुटता परत आले. वर पोस्टमनने 'मालक मयत' असे लिहिले होते. आतले पत्र असे:

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

तीस हजार एकतीस हट्टी नाही. तो एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ आहे. मी मध्येच थांबलो आणि तुम्हांला खोटे सांगितले. तुमच्या पाढ्यांना एकोणसाठ सापडणार नव्हता, मला सापडायला हवा होता.

पण एकोणसाठ आणि पाचशे नऊ हे दोन्ही हट्टी आहेत, आणि तुम्ही गुणलेल्यांत दोन्ही नव्हते. तुमच्या रीतीने आलेला आकडा फुटला, तरी आत नवा हट्टी निघतोच. हे कधीही चुकणार नाही. मी सिद्ध करून पाहिले आहे.

जो कोणी हे पत्र वाचून दाखवील, त्याने 'पण'पासूनचा एवढा भाग नळापाशी उभे राहून मोठ्याने वाचावा.