भिंगापुढचा हात

माझी स्मरणशक्ती पक्की आहे असं मी म्हटलं की घरातल्या दोघी एकमेकींकडे बघून हसतात. हसोत. तीस-बत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. कुठल्या तुकडीत कुठल्या बाकावर बसून कोणी माझी नक्कल केली होती, हे मी आजही सांगेन, आणि तोही बिचारा नाकारणार नाही. त्यामुळे लहानपणी पाहिलेल्या त्या एका सिनेमाबद्दल मी बोलायची ती छातीठोकपणे. तो काही मी एकदा पाहिलेला नव्हता. ओळीनं सात दिवस पाहिला होता.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. घरटी एक माणूस फौजेत, काही घरांतून दोन-दोन. माझे वडीलही फौजेतच. यात्रेला गावात तंबूतला सिनेमा यायचा आणि आठ दिवस तोच चालायचा. मधे दोरी बांधून एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका आणि पोरं. मी नऊ वर्षांची होते त्या साली पहिला दिवस माझा हुकला, कारण मी कोयनानगरला मामाकडे गेले होते. मामा तिथे धरणावर नोकरीला होता. दुसऱ्या दिवशी घाटातल्या वळणांवर एस.टी.त दोनदा ओकून घरी पोहोचले, तोंड धुतलं आणि थेट तंबूत जाऊन बसले.

सिनेमा हिंदी, म्हणजे आम्हाला निम्माच कळणारा. पण गोष्ट सरळ होती. एका डोंगरी खेड्यात आई आजारी पडते. बाप, दोन मुलं आणि एक खेचर डोंगरापलीकडून तिचं औषध आणायला निघतात. दरडी, बर्फ, मोडका पूल, सगळं पार करून औषध मिळतं. परतताना नदीला पूर येतो. बाप कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून उभा राहतो आणि मुलांना पलीकडे पाठवतो. मुलं पोहोचतात, दोर तुटतो, बाप वाहून जातो. मुलं औषध घेऊन घरी येतात. आई दारात उभी राहून त्यांच्या मागच्या वाटेकडे बघत राहते. मग पडदा क्षणभर काळा व्हायचा, आणि पुढच्या क्षणी बाप हजर! दाढी वाढलेली, हसतोय, डोंगरात शेकोटी पेटवतोय. मुलं खेचराला रोटी चारताहेत. एक अस्वल येतं, बाप जळतं लाकूड घेऊन त्याला पळवून लावतो, तिघं गाणं म्हणतात आणि तंबूतले दिवे लागतात.

बाप परत आला होता आणि मुलांना घेऊन पुन्हा डोंगरात फिरायला निघाला होता. पुरातून आलेल्या माणसाचे कपडे इतके कोरडे कसे, हा प्रश्न भावी गणिताच्या बाईंना पडला नाही.

त्या सिनेमानं मला आयुष्यभर पुरेल एवढा धीर दिला. वडील सुट्टी संपवून निघाले की स्टँडवर बाकीची पोरं गळा काढायची. मी नाही. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण शेजारच्याच घरातली होती. तिचे वडील सहा महिन्यांपूर्वी वारलेले. अस्वल पळालं की मी तिला कोपरानं ढोसून म्हणायची, "बघ, बाप परत येतोय का न्हाई!" ती म्हणायची, "व्हय." माझे वडील तर दर वेळी परत आले. पुढे लग्न होऊन मी सांगलीला आले, नोकरी लागली, मुलगा झाला. त्याला घास भरवताना हीच गोष्ट सांगितली. तोही फौजेत गेला. पहिल्यांदा त्याला सोडायला मिरज स्टेशनवर गेले तेव्हा सूनबाईंचे डोळे लाल झाले होते आणि मी मात्र फलाटावरच्या लोकांना डब्याचा नंबर सांगत होते.

आता घरात आम्ही तिघी. मी, सून आणि नऊ वर्षांची नात. सून मिरजेला दवाखान्यात नर्स आहे, रोज गाडीवरून जाते-येते. मुलगा वर बर्फात कुठेतरी असतो. कुठे ते तो सांगत नाही, आम्ही विचारत नाही. रेंज मिळाली की फोन येतो.

यंदा मे महिन्यातल्या एका दुपारी मी नातीला ती गोष्ट चौथ्या की पाचव्यांदा सांगत होते. ती म्हणाली, "आजी, सांगतेस कशाला? बघूया की." माझ्याकडून खेचर, औषध, पूर असे चार-पाच शब्द घेतले, मोबाईलमध्ये घातले आणि दोन मिनिटांत सिनेमा काढून टीव्हीवर लावलासुद्धा. इतकी वर्षं मला हे सुचलं नव्हतं. मी परातीत भडंग घेतलं आणि आम्ही दोघी मांडी ठोकून बसलो.

सिनेमा अगदी माझ्या आठवणीतला निघाला. तेच खेचर, तोच मोडका पूल. पुढचं वाक्य कोण बोलणार ते मी आधीच सांगत होते आणि नात "आजी, गप की" म्हणत होती. फक्त शेकोटी आणि अस्वल भलतंच लवकर आलं, पुराच्या आधीच. मी म्हटलं, "कुणीतरी मागचं पुढं केलंय. हल्ली कोणीही उठतं आणि काहीही चढवतं."

मग नदी आली. बाप पाण्यात उतरला तशी नातीनं भडंगातला हात काढून माझा दंड धरला.

"आजी, हा मरणार."

"छे! तो परत येतो. काळ्या दगडावरची रेघ. मी पाहिलंय ना."

दोर तुटला. बाप वाहून गेला. मुलं घरी पोहोचली. आई दारात उभी राहून वाटेकडे बघत राहिली. आणि त्या वाटेवर मोठ्या अक्षरांत 'समाप्त' आलं. पाठोपाठ सिमेंटची जाहिरात सुरू झाली.

"कुठाय?" नात म्हणाली.

"अर्धवट आहे हा. पुढचा भाग कापलाय मेल्यांनी."

"समाप्त लिहिलंय, आजी."

हातच्या काकणाला आरसा कशाला, माझ्याकडे साक्षीदार होता. माझी आई ऐंशीच्या पुढची, गावी भावाकडे असते आणि तिचं डोकं माझ्याहून तल्लख आहे. मी तिला फोन लावला आणि नातीनंही ऐकावं म्हणून मुद्दाम स्पीकर सुरू केला. "आई, यात्रेतला तो सिनेमा आठवतो का? बाप पुरात जातो आणि परत येतो तो?"

"खेचराचा व्हय?" आई म्हणाली. "त्यात कुठं परत येतोय बाप? मरतोय त्यो."

"अगं, मी सात दिवस पाहिलाय!"

"तू पायलास त्यो आमी बदलून घेतल्याला."

मग तिनं सांगितलं. पहिल्या दिवशी सिनेमा संपला तेव्हा तंबूतल्या साऱ्या पोरांनी आकांत मांडला होता. "तुझी ती मैतरीण तर उठून पडद्याकडं पळत सुटली गं. बापाला धराय. दोघी-तिघींनी धरून आणली तिला. समद्यांची घरं फौजंतली, कोण कुणाला गप करनार? सकाळी आमी सा-सात बायका गेलो तंबूवाल्याकडं. म्हटलं, शेवटचं रीळ आदी लाव आन् त्येच्या आदलं मागनं लाव. त्यो म्हनतोय, बाई, ह्यो सिनेमा हाय का गोधडी? म्या म्हटलं, मग आजपास्नं बायकांची बाजू रिकामी ऱ्हाईल. आला की वळनावर."

"आणि मधे समाप्त यायचं ते?"

"तेवढ्यापुरता त्यो भिंगाफुडं हात धरायचा."

तो क्षणभराचा काळा पडदा मला लख्ख आठवला. कडेला थोडा लालसर उजेडही असायचा, बोटांच्या फटीतून येणारा. मी इतकी वर्षं त्याला डोंगरातली रात्र समजत होते.

"पहिल्या दिवशी पाहिलेली पोरं बोलली कशी नाहीत?"

"त्यास्नी सांगितलं, काल रीळ चुकलं हुतं. पोरंच ती, पटलं त्यास्नी. तुझ्या मैतरणीला कोन फशिवनार? तिला खरंच सांगितलं. म्हटलं, बाकीच्यांस्नी बोलू नगं, बाई. न्हाई बोलली."

सातही दिवस ती माझ्या शेजारी बसली होती. सातही दिवस मी तिला कोपरानं ढोसलं होतं. साठी उलटल्यावर मला तिच्याकडून वदवून घेतलेल्या त्या "व्हय"ची लाज वाटली.

"काय चुकलं आमचं?" आई फोनमधून विचारत होती. "तू रातभर गाढ झोपायचीस की."

"आणि तू झोपायचीस का, आई?"

"मी कशाला झोपतीया," ती म्हणाली, आणि दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवला.

नात जाहिरातींकडे बघत होती. टीव्ही बंद करून ती माझ्याकडे वळली. "आजी, माझे बाबा परत येणार म्हणतेस, ते तुला या सिनेमामुळंच माहीत होतं?"

उत्तर माझ्याकडे तयार असतं. येणार म्हणजे येणार, दिवाळीला येणार, तू वाघाची बच्ची आहेस, ऊठ, हातपाय धू. हे मी तिला शंभरदा ऐकवलंय. पण माझ्या आईकडे 'समाप्त' झाकायला एक तंबूवाला होता. माझ्याकडे समोर बसलेली, समाप्त वाचता येणारी मुलगी होती.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "यावा असं वाटतं. फोन आला नाही की माझ्या पोटात गोळा येतो. पिठात मीठ घातलं की नाही तेही कळत नाही."

"तुझ्या पण?"

"माझ्या पण."

"मला वाटायचं मला एकटीलाच येतो," ती म्हणाली. मग खाली बघून भडंगातले शेंगदाणे वेगळे काढत म्हणाली, "मागं चार दिवस फोन नव्हता ना, तेव्हा मी बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते. तू बाहेरून ओरडलीस, पाणी वाया घालवू नको म्हणून."

ओरडले होते. शिवाय पाणी कसं जपून वापरावं यावर दहा मिनिटं बोललेही होते. तिला ओढून मांडीवर घेतलं. आता ती मांडीवर मावत नाही, पाय परातीत गेले, भडंग सांडलं. मी रडले. वडिलांच्या वेळचं, मुलाच्या वेळचं, मिरजेच्या फलाटावरचं, सगळं एकदम आलं. तीही रडली. आम्हाला दोघींनाही कसलं भान राहिलं नाही.

कुलूप उघडल्याचा आवाज आम्ही ऐकलाच नाही. सून ड्यूटीवरून आली होती. दारात उभी होती, डोक्यावर हेल्मेट तसंच. तिनं आम्हाला पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"कुणाचा फोन आला?" तिनं विचारलं.

"कुणाचा नाही गं," मी म्हणाले, "कुणाचाच नाही. तो बरा आहे. ये, तूपण बस इथं."