खोकल्याची मात्रा

आपल्याकडे चोरी झालीय हे किल्लीवाल्याला कळलं, तेव्हा तो एका बाईंच्या कपाटाची किल्ली कापत होता.

शेजारच्या मोबाइलच्या दुकानात कोणीतरी नवं गाणं लावलं. आधी गिटार एकटीच आली. तीन सूर ऐटीत चढले, मग पायरी चुकल्यासारखी मधेच एक रिकामी मात्रा, आणि मग चौथा सूर धाडकन खाली. किल्लीवाल्याच्या काळजाचा ठोका चुकला. मशीन मात्र चुकलं नाही, ते फिरतच राहिलं आणि किल्लीचा शेवटचा दाता साफ उडाला.

"अहो, काय केलंत हे?" बाई ओरडल्या.

"माझं गाणं चोरलं!"

"आणि माझी किल्ली?"

त्याने दुसरी कोरी किल्ली मशीनला लावली आणि कान मात्र भिंतीला.

गाणं एका बड्या रॉक बँडचं होतं. त्यांचा गिटारवाला जटा वाढवलेला, लोक त्याला जटावालाच म्हणत, आणि चाल त्याची होती. गल्लीतली पोरंटोरंसुद्धा ती तोंडाने वाजवत होती. पण ती चाल कॉलेजात असताना किल्लीवाल्याने बसवली होती! गाण्याचं नाव 'आतून कडी'. चार मित्रांचा बँड होता आणि त्या बँडचा कॉलेजच्या हॉलमध्ये एकुलता एक कार्यक्रम झाला होता. तालमीतच ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या होत्या. "अरे, यात एक मात्रा जास्त होतेय. चारात बसत नाही हे."

"रॉक आहे ते, बसायला कशाला पाहिजे?" किल्लीवाला तेव्हा रुबाबात म्हणाला होता.

प्रेक्षकांनीही ते मनावर घेतलं. तेही फार वेळ बसले नाहीत.

मग वडिलांचे गुडघे गेले, दुकान याच्याकडे आलं आणि गिटार कपाटावर गेली. किल्ली कापायच्या मशीनला दोन पकडी असतात. एकीत अस्सल किल्ली बसवायची, दुसरीत कोरी, आणि इकडे जसं वर-खाली होईल तसं तिकडे कापलं जातं. नकला करण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच हसायचा. घरात मुलीची चित्रकलेची वही पूर्ण करायला बसला, तरी शेजारच्या मुलाची वही पुढ्यात लागायची. पण 'आतून कडी' बनवताना अस्सल किल्लीच्या पकडीत काहीही नव्हतं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याने कशावरही न बेतता केली होती, आणि नेमकी तीच उचलली गेली होती.

घरी आल्या आल्या त्याने कपाटावरून गिटार काढली. धुळीने आधी त्यालाच शिंका आल्या. मग त्याने मोबाइलवर जटावाल्याचं गाणं लावलं आणि बरोबरीने आपलं वाजवलं.

"सांग. सारखं आहे की नाही?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "त्याचं जरा सुरात आहे."

"तारा जुन्या आहेत गं! चाल बघ ना. ती मधली उडी बघ. जगात दुसरं कोणी ही चूक करेल का?"

"चूक तुमचीच आहे यात मला शंका नाही," ती म्हणाली. "पण अहो, आयुष्यभर लोकांच्या किल्ल्यांची नक्कल करून पोट भरलंत, आणि आता कोणी तुमची एक नक्कल केली तर एवढं काय?"

"मी मालकाने सांगितल्यावर करतो."

"मग त्यालाही विचारा, कोणत्या मालकाने सांगितलं होतं."

ती थट्टेने बोलली, पण त्याने ते तंतोतंत मनावर घेतलं. बायकोचा धाकटा भाऊ वकील होता. दुसऱ्या दिवशी मेहुणा दुकानातल्या स्टुलावर येऊन बसला आणि दोन्ही गाणी डोळे मिटून ऐकली. ऐकताना तो मान डोलवत होता. किल्लीवाल्याला वाटलं, झालं, जिंकलो.

"भाऊजी, कॉपीराइटच्या भांडणात दोन गोष्टी लागतात," मेहुणा डोळे उघडून म्हणाला. "एक, दोन्ही चाली सारख्या हव्यात. त्या आहेत. दुसरी म्हणजे, त्याने तुमची चाल ऐकलेली असू शकते हे दाखवायला हवं. नाहीतर तो म्हणेल, मलाही आपोआप सुचली. तुमच्या कार्यक्रमाला कोण कोण होतं?"

"हॉलचा शिपाई शेवटपर्यंत होता."

"त्याला आवडलं होतं?"

"कुलूप लावायचं होतं त्याला."

मेहुण्याने पेन खिशात ठेवलं.

पण देव पावायचा तसा पावला. त्याच आठवड्यात जटावाल्याची मुलाखत आली. लहानपणी गिटार कुठे शिकलात, या प्रश्नावर त्याने एका सरांचं नाव घेतलं. पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत शिकवायचे, म्हणाला. किल्लीवाला खुर्चीतून उठला आणि तिथेच परत बसला. त्याच खोलीत, त्याच सरांकडे तो स्वतः शिकला होता!

"सापडला!" तो फोनवर मेहुण्याला म्हणाला. "'आतून कडी' बसवल्यावर मी सरांना ऐकवायला गेलो होतो. क्लास भरलेला होता. त्यातल्या पोरांत हा असणार. सर साक्ष देतील."

"भाऊजी, मग आपण लढू शकतो," मेहुणा म्हणाला, आणि फोनवर बोलता बोलता त्याचा आवाज आपोआप कोर्टातला झाला.

रविवारी दोघं निघाले. किल्लीवाल्याने ठेवणीतला शर्ट घातला होता आणि खटला जिंकल्यावर मुलाखतीत काय बोलायचं याची वाटेत उजळणी चालवली होती. 'मला पैसा नको, फक्त नाव हवं,' हे वाक्य त्याने तीन प्रकारे म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा मेहुणा म्हणाला, "पैशाचं मला बोलू द्या."

गिरणी चालूच होती. जिन्यावर, कठड्यावर, खोलीच्या उंबऱ्यावर पिठाची साय होती. आत सर खुर्चीत बसले होते, केस पांढरे, भुवया पांढऱ्या, त्यातलं वय किती आणि पीठ किती ते सांगता येत नव्हतं. समोर चटईवर एक मुलगी गिटार घेऊन बसली होती. सरांनी हातानेच दोघांना थांबायची खूण केली आणि धडा पुढे चालू ठेवला.

"हं, बोटं वर. एक... दोन... तीन..."

आणि सर खोकले.

"...चार."

मुलीने वाजवलं. तीन सूर चढले, सरांच्या खोकल्याएवढी मात्रा रिकामी गेली, आणि चौथा सूर खाली आला. हळू, कच्चा, अडखळत. पण तेच होतं ते, नखशिखांत.

किल्लीवाल्याने मेहुण्याकडे पाहिलं नाही. मेहुण्याने मात्र त्याच्याकडे पाहिलं.

मुलगी गेल्यावर सर म्हणाले, "बोल बाळा, किल्लीवाल्यांचा तू. ते जटावाल्याचं गाणं ना?"

"तुम्हाला कसं कळलं सर?"

"तुझ्याआधी बरेच जण येऊन गेले. एक बँकेत आहे, एक बस चालवतो. एक बाई तर थेट विमानतळावरून आली. प्रत्येकाला तीच तक्रार, माझी चाल चोरली!" सर हसले आणि हसता हसता पुन्हा खोकले. "अरे, ती बोटांची कसरत आहे. पहिल्या महिन्यातली. तुम्ही पोरं ती जोरात वाजवता आणि म्हणता सुचली."

"पण ती मधली मात्रा?"

"ते पीठ रे. तीन म्हणेपर्यंत घशात जातंच. डॉक्टर झाले, काढे झाले, कुठलीच मात्रा चालली नाही."

"म्हणजे चाल तुमची, सर," मेहुण्यातला वकील अजून तग धरून होता. "खटला तुम्हीच करू शकता."

"कशाचा? खोकल्याचा? उद्या गिरणीवाला म्हणेल, पीठ माझं."

किल्लीवाला चटईवर खाली बसला. शर्टाला पीठ लागलं, ते त्याने झटकलंही नाही. म्हणजे त्या पकडीत अस्सल किल्ली होतीच. घासलेली, वेडीवाकडी, मधला दाता तुटलेली. आणि याने इमानेइतबारे तुटका दातासुद्धा उतरवला होता! एवढी हुबेहूब नक्कल तर त्याने दुकानातही कधी केली नव्हती.

"म्हणजे सर, माझं त्यात काहीच नाही," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

सरांनी कोपऱ्यातली गिटार त्याच्या हातात दिली. "वाजव."

"आता कशाला?"

"वाजव म्हणतो ना."

त्याने वाजवलं. एक, दोन, तीन, रिकामी मात्रा, आणि चार. सरांनी पुन्हा वाजवायला लावलं, या वेळी डोळे मिटून ऐकलं.

"जटावाला खोकला संपायच्या आत निघतो," सर म्हणाले. "पहिल्यापासून घाई त्याला. बाकीचे खोकल्याबरोबर निघतात. तू मात्र खोकला संपल्यावरही थोडा थांबतोस. लहानपणीही थांबायचास. मान वर करून बघायचास, सर बरे आहेत ना, आणि मग चार वाजवायचास. तेवढा थांबा तुझा. तो मी कोणाला शिकवलेला नाही."

खाली गिरणी घरघरत होती. किल्लीवाल्याने गिटारवरचं पीठ पुसलं आणि ती पुन्हा कोपऱ्यात ठेवली.

जिना उतरताना मेहुणा म्हणाला, "भाऊजी, राग मानू नका, पण थांबण्यावर कॉपीराइट मिळत नाही."

"कळतंय रे. अख्ख्या जगाच्या संगीतात माझी भर काय, तर मी काही वाजवलं नाही."

"तेही अगदी थोडा वेळ."

"पण अस्सल," किल्लीवाला म्हणाला, आणि दोघंही जिन्यातच हसत सुटले. वर येणारा एक मुलगा त्यांच्याकडे बघत, गिटार सांभाळत, कडेकडेने गेला.

घरी बायकोने दार उघडलं आणि आधी शर्ट पाहिला. "चोर सापडला?"

"सापडला. मीच निघालो."

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि झटकायला ब्रश आणला. जरा वेळाने मात्र म्हणाली, "वाजवा बरं एकदा. नीट ऐकलंच नाही मी त्या दिवशी."

त्याने वाजवलं. ती ब्रश बाजूला ठेवून ऐकत राहिली आणि चौथ्या सुराच्या आधी तिने मान वर केली. "बंद पडलं का?"

"नाही गं," तो म्हणाला. "तेवढंच माझं आहे."

दुकानात दुसऱ्या दिवशी कपाटवाल्या बाई पुन्हा आल्या, त्यांची किल्ली लागत नव्हती. त्याने ती मशीनला लावली. शेजारी जटावाला सुरू झाला. तीन सूर चढले तसा किल्लीवाल्याने हात मशीनवरून उचलला आणि मान वर करून उभा राहिला.

"आता काय झालं?" बाई धास्तावल्या.

गाणं घाईघाईने पुढे निघून गेलं होतं. तो अजून तिथेच होता.

"काही नाही बाई," तो म्हणाला. "या वेळी दाता वाचवला तुमचा."