उकळलेल्या गंगेचे आचमन

“ब्राह्ममुहूर्त कसला, मास्तर! झोपू देतं कोण?” असे म्हणून ते हसत, आणि हसता हसता पाठीत कळ आली की कठडा धरत.

रामकुंडावरचे हे पुरोहित आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. आता ते नाहीत. वय चाळिशीचे, पाठ मात्र पुढे वाकलेली. यात्रेकरूंना तो विनय वाटे. वस्तुतः तो पाठीच्या कण्याचा संधिवात होता. पडून राहिले की अंग आखडे, चालले की सैल होई. म्हणून पहाटेच ते घाटावर फेऱ्या घालीत. अर्घ्य देताना मान वर होत नसे. “आम्हाला नारायण पाण्यातच भेटतो,” म्हणत.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई एक्स-रे पाहून म्हणाल्या, “गुरुजी, कमरेचे मणके जुळलेत, ते सुटणार नाहीत. मान आखडलीय, पण तिचे मणके अजून वाचलेत. थांबलो तर तेही जुळतील.”

मग त्यांनी समजावले. “शरीराची राखण करणारी शक्तीच मणक्यांवर उलटलीय. जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं नवं औषध तिला आवरतं. पण मग बाहेरच्या जंतूंना मोकळं रान मिळतं. म्हणून आधी क्षयाची तपासणी. आणि कुंडातलं पाणी तोंडात घ्यायचं नाही.”

“आचमनसुद्धा?”

“आचमनसुद्धा.”

परतताना ते कुंडाच्या पायरीशी थांबून पाण्याकडे पाहू लागले. गोदागंगेसाठी मान सोडायची, की मानेसाठी गंगा?

दुसऱ्या दिवशी ते खांद्याला थर्मास अडकवून आले. शेजारचे उपाध्ये ओरडले, “काय हो, गंगेला पाणी पाजायला आलात?”

“हिचंच आहे! धरणातून नळाला, नळातून शेगडीवर. उकळली म्हणून गंगा बाटते होय?”

घाटावर हशा पिकला. त्यांनी शांतपणे पळीत पाणी घेतले आणि ‘केशवाय नमः’ म्हटले.

तपासणी निर्दोष निघाली. शिरेतून थेंबथेंब उतरणारे ते औषध पाहताना मला अभिषेकपात्रच दिसत होते. मी मनातल्या मनात रुद्र म्हणत बसलो.

काही महिन्यांनी एका सकाळी ते अर्घ्याला उभे राहिले. सूर्य पंचवटीच्या कळसांवर आला होता. कंबर होती तशीच वाकलेली. पण मान हळूहळू वर होऊ लागली, आणि थांबली नाही. मंत्र मध्येच राहिला. मी सूर्याकडे पाहायचे विसरलो. इतक्या वर्षांत त्यांचा गळा मी प्रथमच पाहत होतो. रापलेल्या चेहऱ्याखाली तो तान्ह्या मुलासारखा गोरा राहिला होता, आणि त्यावर ऊन पडत होते.