फुगडीचा व्हिडिओ

गौरीच्या दुपारी आमच्या अंगणात फुगडी घालताना माझी लेक पडली. अकरावीतली पोर, हौसेने माझं नऊवारी नेसलेली. तोल गेला, नेसू सुटलं आणि बाईसाहेब सारवलेल्या अंगणात सपाट. बाया हसल्या, तीही हसली, नि उठून पुन्हा फेर धरला. तिच्या वयाची असताना मीही अशीच पडले होते. संध्याकाळपर्यंत कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

पण तेव्हा कॅमेऱ्याचे मोबाइल नव्हते.

थोड्या दिवसांत पोरीचं जेवण तुटलं. शहापूरला कॉलेजला जायचं नाव काढेना. सासूबाई म्हणाल्या, भर फेरात दृष्ट लागली. रोज मीठ-मिरच्या ओवाळायच्या, आणि ती मुकाट बसून ओवाळून घ्यायची. मग एकदा मी शेणव्याहून जीपने बाजाराला निघाले. मागच्या सीटवर पोरं मोबाइलला डोकी लावून खिदळत होती आणि त्या डबड्यातून माझ्याच लेकीच्या आवाजातलं फुगडीचं गाणं येत होतं. मग धप्प. मग हशा. मग पुन्हा पहिल्यापासून. कुंपणापलीकडून कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ ब्लूटूथने अख्ख्या कॉलेजात फिरला होता म्हणे. माझं डोकंच फिरलं.

एकेका पोराला गाठून झापलं. "उडवलं काकी, आईशप्पथ," म्हणायचे. उडवलेलं दुसऱ्याकडून परत यायचं. घरोघर सांगत फिरले तर बाया मलाच समजावायला लागल्या, पडली तर पडली, एवढं काय त्यात? कपाळ माझं! आपण एकदा हसलो आणि विसरलो. ते मेलं यंत्र तिला रोज पाडत होतं, हे कुणाच्या डोक्यात शिरेना.

वर्षभर गोडीगुलाबीने मागे लागून पुढच्या गौरीला तिला अंगणात आणली. बायांनी फेरात तिची जागा राखून ठेवली होती. तिने पहिली ओळ उचलली आणि मला रडूच आलं. एवढ्यात आमचे हे ओटीवर मोबाइल रोखून उभे. मनात काही वाईट नव्हतं, म्हणून तर जास्त संताप येतो.

"गा गो, आता मी चांगला काढतू," ते म्हणाले. "मंग तो जुना कोन बगनार नाय."

तिने दोन्ही बाजूंचे हात सोडले, आत गेली आणि कडी लावून घेतली.

माझं काय चुकलं, असं हे अजून विचारतात. लेकीने मात्र त्यानंतर कधी फेर धरला नाही.