खोडाची कडकड

आज भंडाऱ्यात आमच्या गल्लीतला निंब मशीनने कापला. पेट्रोलचा आणि ओल्या भुशाचा वास घरात आला आणि मला आमच्या करडी गावच्या शेतातले मोहाचे झाड आठवले.

माझा मोठा भाऊ सुखदेव कुऱ्हाडीने झाडे पाडायचा. पडण्याआधी खोड आतून कडकडते. तो आवाज आला की तो बाजूला व्हायचा. मोह पाडायचा होता त्या दिवशी त्याच्या हातात पहिल्यांदाच मशीन होती.

"भेवून राहिला का बे मशीनले?" शेतमालकाने चिडवले.

"कायले भेऊ? पडाच्या आधी झाड सांगते मले," सुखदेव हसला.

मोहाचा शेंडा हललेला मला आणि वहिनीला बांधावरून दिसला. "सरका जी, सरका!" वहिनी ओरडली. मशीनच्या आवाजात तिची हाक बुडाली, खोडाची कडकडही बुडाली. खोड त्याच्यावर आले. आम्ही पोहोचलो तेव्हा तो गेला होता.

आज कापणाऱ्याच्या मागे शेंड्याकडे बघणारा दुसरा माणूस होता. खोड फाटताच त्याने कापणाऱ्याच्या खांद्यावर थाप मारली आणि दोघे दूर झाले. सुखदेवच्या मागे असे कोणी उभे नव्हते.

करडीत अजून म्हणतात, सुखदेव बेसावध होता. तो बेसावध नव्हता. तो शेवटपर्यंत कान देऊन होता.