दगडाबाईचे तीन दिवस

दगडाबाईची जीभ तिखट होती, हे आमच्या गावात कुणी नाकारलं नसतं. पण बाळंतिणीच्या घरी पहिली पेज घेऊन जाणारीही तीच. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती सुप्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. तिथंच पाण्याच्या टँकरपाशी तिचं रतनबाईशी वाजलं.

"म्हातारीला ढकलतीस व्हय गं? तुज्या घरादाराच्या तोंडात किडं पडतील!"

बाया हसल्या. असली शिवी दिवसातून दहादा कानावर यायची.

पंधरवड्यानं रतनबाईची चार वर्षांची विजयमाला तापानं फणफणली. आई खडी फोडत असताना ती बाभळीखाली तोंड उघडं टाकून निपचित पडलेली असे. माश्या हाकलायला कुणी नव्हतं. ओठ सुजला, तोंडाला घाण वास येऊ लागला, आणि एका सकाळी वरच्या हिरडीत पांढरं काही वळवळताना दिसलं.

रतनबाई दवाखान्यात गेली नाही. थेट दगडाबाईच्या दारात आली.

"तुजा शब्द हाय म्हातारे, तूच माघारी घे."

गावची रीत अशी, की शाप देणाऱ्यानंच तो भैरोबाच्या पायरीवर नाक घासून परत घ्यायचा. ओळीनं तीन सकाळी, उपाशीपोटी. दगडाबाईनं नाकाचं कातडं जाईपर्यंत घासलं. तिसऱ्या सकाळी पोर डोळे उघडेना, तेव्हा तिनंच तिला उचललं आणि रतनबाईला घेऊन नगरची एसटी धरली.

डॉक्टरांनी टर्पेंटाइनचे बोळे लावून चिमट्यानं एकेक अळी काढली. तेवीस निघाल्या.

"माशीनं अंडी घातली, आजी. शाप कसला! पहिल्या दिवशी आणलं असतं, तर टाळू शाबूत राहिली असती."

विजयमाला जगली. टाळूला भोक राहिलं. पाणी प्यायली की नाकातून येई. शाळेत हजेरीला ती नुसता हात वर करायची.

शाप मागे घेतला म्हणून पोर वाचली, असं रतनबाई सगळ्यांना कौतुकानं सांगे. दगडाबाई तेवढ्यात उठून जाई. एकदा ती मला म्हणाली, "गुरुजी, शिव्या म्या लई दिल्या, त्याचं काय न्हाई. पर ती दारात आली तवा म्हनायचं हुतं, अगं, माज्या जिभंत कुठला आलाय जोर? उचल पोरीला, चल नगरला. न्हाई म्हनले. मलाबी वाटलं, आसंल बाई जोर."